लहान मूल आणि वडिलांचा अर्धा तास

लहान मूल दवाखान्यात येतं तेव्हा ते आईच्या कडेवर असतं. आजीच्या हातात पिशवी आणि जुन्या चिठ्ठ्या असतात. दोघी आत येतात आणि वडील बाहेर मोटारसायकलपाशी थांबतात. औषधाची चिठ्ठी बाहेर गेली की ते मेडिकलमध्ये जातात, पैसे देतात आणि गाडी चालू करतात. मूल किती दिवस खोकतंय, रात्री किती वेळा उठतं, काय खातं, या सगळ्याची उत्तरं आई देते. वडिलांना काळजी नसते असं नाही. रात्री उसाला पाणी देऊन, कारखान्यातली पाळी करून किंवा बारामतीच्या एमआयडीसीतून सुटून ते थेट आलेले असतात. पण लहान मूल हे बायकांचं खातं, आपलं खातं पैशाचं, अशी वाटणी आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे.

मी बऱ्याचदा वडिलांना मुद्दाम आत बोलावतो आणि विचारतो, "तुम्ही याच्याशी रोज काय खेळता?" बहुतेक जण हसतात. "कुठला वेळ, डॉक्टर?" "रविवारी नेतो की बारामतीला फिरवून." "मोबाईलवर गाणी लावून देतो, मग शांत बसतो." ताप-खोकल्यासाठी आलेल्या मुलाच्या बाबतीत हा प्रश्न डॉक्टर का विचारतात, ते आज सांगतो.

खेळताना मेंदूत काय होतं?

मुलाचा मेंदू पहिल्या पाच-सहा वर्षांत जितका वाढतो, तितका नंतर कधीच वाढत नाही. दोन वर्षांचं होईपर्यंत तो मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के आकाराचा होतो आणि पाचव्या वर्षापर्यंत सुमारे ९० टक्क्यांपर्यंत पोचतो. या काळात मेंदूच्या पेशींमध्ये अगणित जोडण्या तयार होतात. त्यातल्या वापरात राहतात त्या पक्क्या होतात, बाकीच्या गळून जातात. आपल्या भागात हे समजायला सोपं आहे. उसाला सुरुवातीला फुटवे भरपूर येतात, पण सगळ्या फुटव्यांचा ऊस होत नाही. ज्यांना ऊन, पाणी, खत मिळतं ते टिकतात.

मुलाच्या मेंदूचं खत म्हणजे माणसाबरोबरची देवाणघेवाण. दीड वर्षाचं मूल झाडाकडे बोट दाखवून "का" म्हणतं. तुम्ही म्हणता, "हो, कावळा. बघ, उडाला कावळा." मूल तुमच्या तोंडाकडे बघतं, पुन्हा झाडाकडे बघतं आणि पुन्हा काहीतरी बोलतं. चेंडू टाकायचा, झेलायचा, परत टाकायचा, असा हा खेळ आहे. दिवसात असे शंभर चेंडू झेलले गेले की भाषा येते, लक्ष द्यायला येतं आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव वाचायला येतात. मोबाईलवरचं गाणं मुलाने टाकलेला चेंडू झेलत नाही. मूल काही बोललं तरी ते आपलं पुढे चालूच राहतं. त्यामुळे तासन् तास गाणी बघणारं मूल गाणं गुणगुणतं, पण तहान लागली तर आईचा पदर ओढतं. "पाणी" म्हणत नाही.

मग वडीलच का हवेत? आई दिवसभर बोलतेच की! बोलते, पण वडिलांचा खेळ बहुतेक घरांत वेगळा असतो. पाठीवर घोडा, पलंगावर कुस्ती, अंगणात पकडापकडी. अशा दांडगाईच्या खेळात मूल आधी खूप चेकाळतं आणि मग शांत व्हायलाही शिकतं. आपण किती जोरात मारलं की समोरच्याला लागतं, पडलं तर उठायचं कसं, हे त्याला तिथे कळतं. शब्दही नवे मिळतात. आईबरोबर पोळपाट, चमचा, रांगोळी. वडिलांबरोबर पाना, पाईप, बांध, ट्रॉली.

हा बदल एकतर्फी नाही. फिलिपिन्समधील सेबू येथे झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. बाप झाल्यावर पुरुषांच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचं प्रमाण कमी होतं आणि जे रोज मुलाचं जास्त करतात त्यांच्यात ते आणखी कमी असतं, असं त्यात दिसलं. म्हणजे मूल सांभाळायची तयारी पुरुषाच्या शरीरातही असते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. काही घरांत वडील नसतात. तिथे आजोबा, मामा, काका, मोठा भाऊ हे करू शकतात आणि एकटी आईही उत्तम मूल वाढवते. हा लेख अशा आईला कमीपणा देण्यासाठी नाही. ज्या घरात वडील आहेत, पण वापरात नाहीत, त्या घरांसाठी आहे.

माझा अर्धा तास

माझी संध्याकाळची ओपीडी पाच ते नऊ. मुलगी बसायला लागली तेव्हा बायकोने हिशेब मांडला. तुम्ही सकाळी जाता तेव्हा ती झोपेत, रात्री येता तेव्हाही झोपेत, मग तिचा तुमचा संबंध कधी येणार? आम्ही ठरवलं की साडेसहा ते सात दवाखाना बंद ठेवायचा. दारावर पाटी लावली. तातडीचा पेशंट असेल तर कंपाउंडर घरी हाक मारील, बाकीच्यांनी बसावं. पहिले काही आठवडे कुरकुर झाली. "आमचा ताप काय अर्धा तास थांबतो व्हय, डॉक्टर?" असं एका आजोबांनी विचारलं. काही पेशंट दुसरीकडे गेलेही. मग लोकांना सवय झाली. बाकावर बसलेल्या आज्या माझ्याआधी घड्याळ बघायच्या आणि म्हणायच्या, "जावा, पोरगी वाट बघत आसंल."

त्या अर्ध्या तासात आम्ही विशेष काही करत नव्हतो. तिला घेऊन चालत रस्त्यापर्यंत किंवा शेताच्या बांधापर्यंत जायचं आणि "काय दिसलं?" हा खेळ खेळायचा. ती सांगायची: बगळा, शेळी, पाणी, मोटार. ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला की आमची चैन असायची. माळेगावच्या कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्या आम्ही मोजायचो. बैलगाडी दिसायच्या आधी घुंगरांचा आवाज यायचा आणि ती कडेवरच ताठ व्हायची. तीन वर्षांची होईपर्यंत तिला दहापर्यंत मोजता येत होतं. कुणी शिकवलं नव्हतं, ट्रॉल्यांनी शिकवलं.

एका संध्याकाळी तिने ट्रॉल्या मोजल्या नाहीत. तीन गेल्या, चार गेल्या, तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं आणि गप्प राहिली. अंग गरम नव्हतं, नाक वाहत नव्हतं. तरी मी बायकोला म्हणालो, आज लक्ष ठेव. रात्री अकराला १०२ ताप आला आणि दुसऱ्या दिवशी कान दुखायला लागला. यात माझी डॉक्टरकी नव्हती. रोजचं मूल ज्याला माहीत आहे, त्याला आजचं मूल वेगळं दिसतं. लहान मुलाला "मला बरं वाटत नाही" असं सांगता येत नाही, त्याचा खेळ मंदावतो. म्हणून जे वडील रोज खेळतात, ते आजार लवकर ओळखतात. "काल संध्याकाळपासून खेळला नाही" एवढं एक वाक्य मला तपासताना फार उपयोगी पडतं.

एका मुलाची गोष्ट

काही वर्षांपूर्वी पावणेतीन वर्षांचा एक मुलगा आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वडील कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर होते. हंगामात त्यांना दिवस-रात्र नसायची. मुलगा जेमतेम चार-पाच शब्द बोलायचा. "पप्पा" त्यात नव्हता. दिवसाचे पाच-सहा तास हातात मोबाईल. आजी म्हणत होत्या, "याचा बापही उशिराच बोलला." असं असू शकतं, पण तेवढ्यावर थांबता येत नाही. बोलायला उशीर झालेल्या प्रत्येक मुलाचं ऐकणं आधी तपासावं लागतं. बारामतीला कानाची तपासणी झाली, ती नॉर्मल आली. मुलगा नावाने हाक मारली की बघत होता, नजर देत होता, हवं ते बोटाने दाखवत होता. या चांगल्या खुणा होत्या.

वडिलांनी विचारलं, "टॉनिक काही?" मी चिठ्ठीवर लिहिलं: मोबाईल बंद. रोज २० मिनिटे वडिलांबरोबर खेळ. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "हंगामात कसं बसवायचं?" मग आम्ही त्यांचा दिवस उलगडून बघितला. ट्रॉली खाली करून आले की ते घरी अंघोळ करायचे. तीच वेळ धरली. मुलाची अंघोळ तेव्हा, वडिलांच्या हातून. बादली, तांब्या, साबण, पाय, पोट, गरम, गार. पाणी ओतायचं, थांबायचं, तो काही बोलेल त्याची वाट बघायची.

पहिले तीन आठवडे मोबाईलसाठी भरपूर रडारड झाली. तीन महिन्यांनी आले तेव्हा मुलगा दोन शब्द जोडत होता. पहिली जोडी "पप्पा पाणी" होती, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. हे सगळं वडिलांमुळे झालं, असा दावा मी करणार नाही. मोबाईल बंद होणं, आजीच्या गोष्टी, अंगणवाडी, सगळ्यांचा त्यात वाटा होता. काही मुलांना एवढ्याने भागत नाही, वाचा उपचार लागतात. पण ते उपचार चालू असतानाही घरातलं हे काम करावंच लागतं.

कोणत्या वयात काय खेळायचं?

*जन्म ते सहा महिने.* बाळ जागं असताना दिवसभरात मिळून अर्धा तास तरी त्याला पोटावर ठेवावं, तोंडाशी आपण आडवं व्हावं आणि बोलावं. विषय कोणताही चालतो. आज उसाला काय भाव आला हे सांगितलं तरी बाळ मन लावून ऐकतं.

*सहा महिने ते दीड वर्ष.* तोंडावर टॉवेल घेऊन कुकूच्, आपडी-थापडी, वाटी-चमच्याचा ढोल. तीच गोष्ट वीस वेळा करायला लागते. आपल्याला कंटाळा येतो, त्याला येत नाही. वीस वेळा केल्यावरच "आता बाबा टॉवेल काढणार" हे त्याला आधी कळायला लागतं.

*दीड ते तीन वर्षे.* घोडा-घोडा, पाणी ओतणं, माती कालवणं, गोठ्यात जाऊन गाईला चारा टाकणं. कामात सामील करून घ्या. टॉवेल वाळत घालताना त्याला चिमटे द्यायला सांगा.

*तीन ते सहा वर्षे.* कडब्याच्या धाटाची बैलगाडी, पोळ्याला मातीचे बैल, पाटाच्या पाण्यात कागदाची होडी. आपल्याकडे नागपंचमीला पतंग उडतात. साध्या दोऱ्याचा पतंग मुलाच्या हातात द्या, नायलॉनचा मांजा अजिबात नको. आणि रोज रात्री एक गोष्ट.

खेळण्यांवर पैसे घालायची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांच्या बालवाड्या चालवल्या, त्यात बिया, पानं, खडे हीच साधनं होती. पुण्यात आयुकामध्ये अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी करून दाखवली. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून त्यांनी आकार शिकवले.

वर्षातून एक-दोनदा लांब जायचं असेल तर आपल्या जवळ बरंच आहे. आषाढात तुकोबांच्या पालखीपुढे काटेवाडीला होणारं मेंढ्यांचं रिंगण, सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातली चिंकारा हरणं, हिवाळ्यात इंदापूर तालुक्यात कुंभारगावला उजनीच्या पाण्यावर येणारे रोहित पक्षी. हे वडिलांच्या खांद्यावर बसून बघावं. पण सहलीने रोजच्या अर्ध्या तासाची भरपाई होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की एक ते चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल व्हायला हवी. उजेडात, मोकळ्यावर खेळणाऱ्या मुलांना जवळचं दिसतं पण लांबचं दिसत नाही असा चष्मा लागण्याचा धोकाही कमी असतो.

खेळताना एवढं सांभाळा

दवाखान्यात येणाऱ्या काही दुखापती वडिलांच्या हौसेतून होतात. त्या टाळता येतात.

१. पाच वर्षांखालच्या मुलाला एका हाताने किंवा मनगटाला धरून उचलू नका, गरगर फिरवू नका. कोपरातलं हाड किंचित सरकतं. मूल हात लोंबता ठेवतं आणि वापरत नाही. डॉक्टर ते बहुतेक वेळा क्षणात जागेवर बसवतात. चोळू नका, ओढू नका. उचलायचं तर काखेत धरून.

२. तान्ह्या बाळाला हवेत उडवू नका. रडतंय म्हणून रागाने गदागदा हलवणं तर फार धोक्याचं आहे, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. राग आला तर बाळ पाळण्यात ठेवा आणि दोन मिनिटं बाहेर जा.

३. चार-पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, उसाचं कांडं चावायला देऊ नका. तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो.

४. शर्टाच्या खिशातली चुन्याची पुडी किंवा ट्यूब. कडेवरचं मूल ती दाबतं, चुना उडून डोळ्यात जातो आणि बुबुळ भाजतं. असं झालं तर त्याच क्षणी स्वच्छ पाण्याने निदान १५ ते २० मिनिटं डोळा धूत राहा आणि मग थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. दूध, तूप घालू नका. खरं तर तंबाखूच सोडावी. मुलाला कडेवर घेण्याची जागा मोकळी राहील.

५. फवारणीचं औषध थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवू नका. मुलाने प्यायलं तर उलटी करायला लावू नका, मिठाचं पाणी देऊ नका. औषधाचं मूळ डबडं बरोबर घेऊन लगेच हॉस्पिटल गाठा.

६. मोटारसायकलच्या टाकीवर मूल बसवून फिरवणं बंद करा. २०२२ च्या नियमानुसार चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधणारा सुरक्षा पट्टा हवा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला हेल्मेट हवं आणि वेग ४० किलोमीटरच्या आत हवा.

७. कालवा, शेततळं, विहीर आणि घरातली भरलेली बादली, यांपैकी कशाजवळही मूल एकटं नको. हाताच्या अंतरावर मोठं माणूस हवंच.

मोबाईल आणि झोप

दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नको आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं आहे. जेवताना आणि झोपायच्या आधी तासभर मोबाईल पूर्ण बंद. नियम मुलाला लावायचा तर त्या अर्ध्या तासात वडिलांचा मोबाईलही खिशात नको, कपाटात ठेवावा. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाची धरून १० ते १३ तास झोप लागते. वडील दहाला घरी आल्यावर खेळायला म्हणून मुलाला उठवू नका. त्यापेक्षा सकाळची वेळ धरा.

डॉक्टरांना कधी दाखवायचं?

एक वर्षाचं मूल बोट दाखवत नसेल किंवा "बा-बा, दा-दा" असे आवाज काढत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नसेल, नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, किंवा आधी येत असलेले शब्द गेले असतील, तर "बोलंल हळूहळू" म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं, त्यांना दाखवा. ही तपासणी मोफत असते.

जे वडील लांब असतात

पुण्यात कंपनीत, फौजेत किंवा लांबच्या ट्रकवर असलेले वडील म्हणतील, आम्ही काय करायचं? मोबाईलच्या नियमाला व्हिडिओ कॉल अपवाद आहे, कारण तिथे समोरून उत्तर येतं. रोज ठरलेल्या वेळी पाच मिनिटं बोला. "जेवलास का? अभ्यास केलास का?" एवढंच विचारू नका. तुमच्यासमोर काय दिसतंय ते दाखवा, त्याला काय दिसतंय ते विचारा, एक गोष्ट रोज थोडी थोडी पुढे न्या. सुट्टीला घरी आल्यावर मूल पहिल्या दिवशी लाजतं, आईमागे लपतं. याचं वाईट वाटून घेऊ नका आणि त्याला ओढून कडेवरही घेऊ नका. त्याच्याजवळ जमिनीवर बसा, त्याचं खेळणं हातात घ्या आणि खेळायला लागा. बहुतेक मुलं थोड्या वेळाने स्वतःच जवळ येतात.